बायोप्सीच्या तुकड्यापासून आकड्यापर्यंत: थीसिससाठी मायक्रोस्कोपचे फोटो कसे काढावेत आणि कसे मोजावेत

बेळगावातल्या दातांच्या ओपीडीत काही दिवस बसलं की असा पेशंट भेटतोच, ज्याच्या तोंडात धड दोन बोटंही जात नाहीत. वय पंचवीस-तीस. गालाची आतली बाजू पांढुरकी, बोट फिरवलं तर आत दोरीसारखे कडक पट्टे लागतात. तिखट खाल्लं की डोळ्यांत पाणी. निपाणी, चिकोडी, खानापूर, पलीकडून चंदगड आणि गडहिंग्लज, सगळीकडून हे लोक इथं येतात. आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या घटकांमुळे तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजन नावाचं तंतुमय प्रथिन साचत जातं आणि गाल आवळत जातो.

दर वर्षी एखादा तरी पीजी विद्यार्थी 'या पेशंटमध्ये कोलॅजन किती वाढलं' हा विषय घेतो आणि स्लाइड घेऊन माझ्याकडे येतो. मी ऊतकांच्या स्लाइडचं इमेजिंग करतो. सर, फोटो काढून द्या, टक्केवारी काढून द्या, असं म्हणणं असतं. तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. टक्केवारी कॉम्प्युटरवर निघत असली तरी ती बरोबर येणार की चूक, हे बायोप्सीची बाटली भरताना, सेक्शन म्हणजे पातळ काप कापताना आणि मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (स्लाइडखालची प्रकाश गोळा करणारी लेन्स) बसवताना ठरून गेलेलं असतं. ताप मोजला तर थर्मामीटर काखेत होता की तोंडात हे आपण लिहितो. फोटोवरून कोलॅजन मोजतानाही तेवढीच शिस्त लागते.

खालची पद्धत मी याच उदाहरणावर सांगतो. यकृताचा फायब्रोसिस असो, उंदराच्या कातडीवरची जखम असो, पायऱ्या त्याच.

आधी प्रश्न, मग संमती

सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) लिहितानाच एका ओळीत ठरवा: काय मोजणार, कुठं मोजणार, कोणाशी तुलना करणार. 'कोलॅजनचा अभ्यास' हा प्रश्न होत नाही. 'एपिथेलियमखालच्या लॅमिना प्रोप्रियात कोलॅजननं व्यापलेलं क्षेत्र किती टक्के, आणि दोन कातरदातांमधलं अंतर कमी होतं तसं ते वाढतं का' हा प्रश्न होतो. (एपिथेलियम म्हणजे अस्तराचा वरचा पेशींचा थर, लॅमिना प्रोप्रिया म्हणजे त्याच्या लगेच खालचा थर.) एवढं ठरलं की स्टेन (रंग), ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स), फील्डची (एका फोटोत मावणाऱ्या भागांची) संख्या ही पुढची उत्तरं आपोआप सुटू लागतात.

संमतीपत्राबद्दल आपल्या भागात जरा जास्त सांगावं लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पेशंटला समजेल त्याच भाषेत माहिती द्यायची. बेळगावात एकाच सकाळी कानडी बोलणारे गोकाकचे काका, मराठी बोलणारी खानापूरची आज्जी आणि उर्दू बोलणारं कॅम्पातलं कुटुंब रांगेत असतं. इंग्रजी फॉर्म समोर ठेवून 'इथं अंगठा करा' म्हणणं म्हणजे संमती घेणं नव्हे. फॉर्म मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे तयार ठेवा, गरज पडेल तशी उर्दू प्रत करा, आणि प्रत्येक भाषांतर त्या भाषेत घरी बोलणाऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. फोटोचा वापर आणि छापणं यासाठी वेगळी ओळ हवी. मी एका आज्जींना हे समजावत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "माझा फोटू पेपरात येनार काय रे बाळा?"

"न्हाई आज्जी. गालाच्या आतला तांदळाएवढा तुकडा असतो, त्याचा फोटो. तुमचं नाव कुठंच येनार न्हाई."

"मग घे की. पोरास्नी उपयोग हुईल."

हे संभाषण दोन मिनिटांचं आहे. ते टाळू नका.

बाटलीपासून ब्लॉकपर्यंत

तुकडा काढल्याबरोबर दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलीनमध्ये टाका. दहा टक्के फॉर्मलीन म्हणजे साधारण चार टक्के फॉर्माल्डिहाइड, हे तयार करताना विसरू नका. द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहा ते वीस पट हवं. बायोप्सी कोरड्या गॉजवर ठेवून कागदपत्रं भरत बसलात तर कडा सुकतात, आणि सुकलेल्या कडेला स्टेन गडद लागतो. तोच गडदपणा पुढे सॉफ्टवेअरला कोलॅजन वाटतो.

गालाचा तुकडा फॉर्मलीनमध्ये पडला की वळतो. म्हणून आधी तो फिल्टर पेपरच्या छोट्या तुकड्यावर, अस्तराची बाजू वर करून, अलगद पसरवा आणि कागदासकट बाटलीत सोडा. एम्बेडिंग करताना (तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवताना) टेक्निशियनला सांगा की अस्तर कापणीला काटकोनात यायला हवं. तिरकं कापलं गेलं तर लॅमिना प्रोप्रिया आहे त्यापेक्षा जाड दिसते आणि तुमचा सगळा आकडा खोटा होतो. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर हे सुधारू शकत नाही.

सेक्शन चार मायक्रॉनचे, सगळे चारचेच. अर्ध्या केसेस तीनच्या आणि अर्ध्या सहाच्या असतील तर जाड सेक्शन गडद दिसणारच. फिक्सेशनचा, म्हणजे फॉर्मलीनमध्ये राहण्याचा, वेळही सगळ्यांसाठी सारखा ठेवा. शनिवारी दुपारी आलेला तुकडा सोमवारपर्यंत पडून राहिला असेल तर रजिस्टरमध्ये तसं लिहा.

स्टेन, आणि माझी दोन महिन्यांची मेहनत

कोलॅजनसाठी आपल्याकडे मॅसन ट्रायक्रोम सर्रास करतात. अॅनिलिन ब्ल्यू वापरलं तर कोलॅजन निळं, स्नायू तांबडे. दुसरा पर्याय पिक्रोसिरियस रेड. तो साध्या प्रकाशात कोलॅजन लाल दाखवतो आणि पोलराइज्ड प्रकाशात धागे चमकवतो. पोलराइज्ड प्रकाशात जाड धागे नारिंगी-तांबडे आणि बारीक धागे हिरवट दिसतात, त्यावरून लाल म्हणजे टाइप एक आणि हिरवा म्हणजे टाइप तीन असं थेट लिहिण्याची सवय पडली आहे. ती सोडा. रंग धाग्याची जाडी, घट्टपणा आणि दिशा यांवर ठरतो. कोलॅजनचा प्रकार सांगायचाच असेल तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (विशिष्ट प्रथिन अँटिबॉडीनं ओळखणारी चाचणी) करावी लागेल. शिवाय साध्या दोन पोलराइजरच्या मांडणीत काही दिशांचे धागे काळेच राहतात. स्टेज थोडं फिरवलं की तेच धागे उजळतात, हे एकदा डोळ्यानं पाहून घ्या, म्हणजे 'कोलॅजन कमी आहे' असं लिहिण्याआधी हात थांबेल.

सगळ्या केसेस शक्य तर एकाच दिवशी, एकाच द्रावणात स्टेन करा. तेवढं जमत नसेल तर प्रत्येक बॅचमध्ये एकाच ब्लॉकची एक कंट्रोल स्लाइड घाला. ही एक स्लाइड पुढे खूप काही वाचवते. माझ्या स्वतःच्या थीसिसमध्ये ती नव्हती. मी जूनमध्ये निम्म्या केसेसचे फोटो काढले आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता, स्टेन दोन वेगळ्या बाटल्यांतला. आलेख काढला तेव्हा पेशंटचे दोन गट काही दिसेनात, दोन महिने मात्र स्पष्ट वेगळे दिसले. गाईडनी आलेख बघितला आणि एवढंच म्हणाले, "हे पावसाचं कोलॅजन आहे, पेशंटचं नाही." सगळ्या स्लाइड पुन्हा कापल्या, पुन्हा स्टेन केल्या, पुन्हा फोटो काढले. त्यानंतर कंट्रोल स्लाइडशिवाय मी एकही बॅच केलेली नाही.

मायक्रोस्कोप: कोहलर आधी, कॅमेरा नंतर

ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये प्रकाश सारखा पसरवण्याची जी पद्धत दिली ती आजही प्रत्येक फोटोच्या आधी लागते. बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये कंडेन्सर वर्षानुवर्षं एकाच उंचीवर अडकून असतो. पाच मिनिटं लागतात, करून बघा.

दहा एक्स (दहापट मोठं दाखवणारं ऑब्जेक्टिव्ह) लावा, स्लाइडवर फोकस करा. खालचा फील्ड डायफ्रॅम (दिव्याजवळची, प्रकाशाचा गोल लहान-मोठा करणारी झडप) जवळजवळ पूर्ण मिटा. अंधारात प्रकाशाचा एक छोटा ठिपका दिसेल, कडा धूसर असतील. आता कंडेन्सर हळूहळू वर-खाली करा, जोपर्यंत त्या ठिपक्याची बहुकोनी कड चाकूनं कापल्यासारखी स्पष्ट होत नाही. ठिपका मध्यभागी नसेल तर कंडेन्सरचे दोन स्क्रू फिरवून मध्यावर आणा. फील्ड डायफ्रॅम उघडत जा, कडा दृष्टिक्षेत्राच्या जरा बाहेर गेल्या की थांबा. मग एक आयपीस काढा, नळीतून आत बघा आणि कंडेन्सरचा आयरिस (त्याच्यातली झडप) इतका ठेवा की दिसणाऱ्या गोलाचा साधारण सत्तर-ऐंशी टक्के भाग उजळलेला राहील. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं.

प्रकाश कमी-जास्त करायला आयरिस वापरू नका. आयरिस मिटला की कॉन्ट्रास्ट वाढतो आणि चित्र डोळ्याला कुरकुरीत दिसतं, पण बारीक तपशील जातो. हॅलोजन दिवा असेल तर त्याचा व्होल्टेजही मध्येच बदलू नका, व्होल्टेज उतरला की प्रकाश पिवळट होतो. लाइट फडफडते अशा ठिकाणी स्टॅबिलायझर लावा आणि दिवा लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग फोटो सुरू करा. एलईडी दिव्यात हा त्रास कमी आहे.

पावसाळ्याचं इथंच सांगतो. खानापूर-कणकुंबीच्या बाजूला पाऊस किती पडतो हे सांगायला नको, बेळगावातही जून ते सप्टेंबर हवा ओलीच. ऑब्जेक्टिव्हच्या आत बुरशीचे पांढरे तंतू वाढतात आणि ते काचेवर कायमचे कोरले जातात. रोजचं काम संपलं की ऑब्जेक्टिव्ह बंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवा. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये गरम करून पुन्हा निळं करा. शंभर एक्सचं तेल त्याच दिवशी लेन्स पेपरनं टिपून काढा. वाळलेलं तेल काढायला झायलीन ओतू नका, लेन्स बसवलेला गोंद सैल पडतो.

किती मोठं करायचं, आणि पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन

एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवलं की दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अपर्चरची दुप्पट इतकी असते. न्यूमेरिकल अपर्चर म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचा आकडा, चाळीस एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर तो ०.६५ असा कोरलेला असतो. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन धरला तर ०.५५ भागिले १.३ म्हणजे साधारण ०.४२ मायक्रॉन. दहा एक्सवर ०.२५ असतं, तिथं मर्यादा १.१ मायक्रॉन येते. ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ असाही आकडा असतो, तो कव्हरस्लिपची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो. जाडजूड कव्हरस्लिप आणि वर डीपीएक्सचा (कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रव्याचा) थर असेल तर चाळीस एक्सचं चित्र कायम धुकट येतं आणि दोष कॅमेऱ्याला जातो.

कॅमेऱ्याचं गणित एकदा करून वहीत लिहून ठेवा. समजा सेन्सरचा एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर अर्धा एक्स आहे. चाळीस गुणिले अर्धा म्हणजे वीस. ३.४५ भागिले २० म्हणजे स्लाइडवर एक पिक्सेल ०.१७ मायक्रॉनचा. तपशील टिकायला पिक्सेल मर्यादेच्या निम्म्याहून लहान हवा. मर्यादा ०.४२, तिचा निम्मा भाग ०.२१, पिक्सेल त्याहून लहान आहे, म्हणजे तपशील हरवत नाही. हाच कॅमेरा दहा एक्सवर लावला तर पिक्सेल ०.६९ मायक्रॉनचा होतो, तिथं हवा होता ०.५५. दहा एक्सच्या फोटोत बारीक धागे मोजू नयेत ते यासाठी.

हे गणित झालं, पण थीसिसमध्ये लिहायचा आकडा स्टेज मायक्रोमीटरवरूनच घ्या. ही एक काचेची स्लाइड असते, तिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, प्रत्येक भाग दहा मायक्रॉनचा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हनं तिचा फोटो काढा. इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेषेच्या टूलनं दहा भागांवर रेघ ओढा. वरच्या उदाहरणात शंभर मायक्रॉनसाठी साधारण ५८० पिक्सेल यायला हवेत. अनालाइज मेन्यूत सेट स्केलमध्ये हा आकडा भरा. कॅमेरा काढून पुन्हा लावला किंवा रिझोल्यूशन बदललं तर हे पुन्हा करा.

फोटो काढताना एक्सपोजर, गेन, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर. स्लाइडचा रिकामा, ऊतक नसलेला भाग समोर घेऊन व्हाइट बॅलन्स करा आणि एक्सपोजर असं ठेवा की ती पार्श्वभूमी आठ बिट हिस्टोग्रामवर (० ते २५५ उजळपणाच्या आलेखावर) २३०-२४० च्या आसपास येईल. २५५ ला टेकली की तिथली माहिती गेली. त्याच रिकाम्या भागाचा एक फोटो वेगळा ठेवा. कोपऱ्यांत अंधार येत असेल तर इमेज कॅल्क्युलेटरनं तो भागून काढता येतो. सेव्ह करताना टिफ निवडा. जेपीईजी चौकोनी ठोकळ्यांत माहिती गाळतं, त्यावर रंग मोजू नका. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवर तर मुळीच नाही. मोबाइल आयपीसला लावून काढलेला फोटो क्लासमध्ये दाखवायला ठीक आहे, मोजायला नाही.

फील्ड निवडणं

सर्वात जास्त अप्रामाणिकपणा इथं होतो, आणि तो बहुतेकदा नकळत होतो. डोळा निळ्या भागाकडे ओढला जातो. आपण 'रिप्रेझेंटेटिव्ह फील्ड' म्हणतो आणि सुंदर फील्ड घेतो.

त्याऐवजी असं करा. १९२० पिक्सेल रुंद फोटो असेल तर चाळीस एक्सवर एक फील्ड साधारण ०.३३ मिलिमीटरचं. सहा मिलिमीटरच्या सेक्शनवर एका ओळीत अठरा फील्ड बसतात. तुम्हाला सहा हवेत, म्हणजे दर तिसरं. सुरुवात पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्यापासून हे चिठ्ठी टाकून ठरवा आणि मग दर तिसऱ्यावर थांबून फोटो काढा, तिथं काहीही दिसो. घडी पडलेली असेल किंवा सेक्शन फाटला असेल तर ते फील्ड सोडण्याचा नियम आधीच लिहून ठेवा आणि किती सोडली ते मोजा.

स्लाइडवरचं लेबल दुसऱ्या कोणाला तरी झाकायला सांगा. कोड नंबर त्यांनी द्यावा आणि कोडची वही त्यांच्याच कपाटात राहावी, मोजणी पूर्ण होईपर्यंत. फाइलच्या नावात पेशंटचं नाव, ओपीडी नंबर काहीच नको. कोड, स्टेन, बॅच, ऑब्जेक्टिव्ह, फील्ड नंबर, याच क्रमानं.

मोजणी

इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एनआयएचमध्ये वेन रॅसबँड यांनी लिहिलं. फिजी हा त्याचाच प्लगइनसकट मिळणारा अवतार. पूर्ण स्लाइड स्कॅन केलेली असेल तर क्यूपाथ घ्या, तेही मोफत आहे.

फिजीत आधी लॅमिना प्रोप्रियाभोवती हातानं रेघ ओढा. एपिथेलियम, स्नायू, मोठ्या रक्तवाहिन्या बाहेर ठेवा. मग कलर डिकन्व्होल्यूशन चालवा. रुइफ्रॉक आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत मिसळलेले रंग वेगळे करून प्रत्येक रंगाचं एक करडं चित्र देते. मेन्यूत मॅसन ट्रायक्रोम तयार असतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी स्टेनवर बेतलेलं आहे. तुमच्या स्लाइडवरच्या शुद्ध निळ्या आणि शुद्ध तांबड्या भागावरून स्वतःचे वेक्टर (प्रत्येक रंगाची ओळख सांगणारे आकडे) काढा आणि सगळ्या फोटोंना तेच लावा. नंतर थ्रेशोल्ड, म्हणजे किती गडद पिक्सेलला कोलॅजन मानायचं ती सीमा. ओत्सूची पद्धत चांगली आहे, पण ती प्रत्येक फोटोसाठी वेगळा आकडा काढते, त्यामुळे फिकट फोटोतही 'भरपूर कोलॅजन' सापडतं. मी कंट्रोल स्लाइडवर एक आकडा ठरवतो आणि त्या बॅचला तोच ठेवतो. शेवटी एरिया फ्रॅक्शन, म्हणजे रेघेच्या आतल्या भागाचा किती टक्के कोलॅजन आहे ते. सगळं मॅक्रोमध्ये रेकॉर्ड करा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या फोटोला एकसारखी वागणूक मिळते.

काही फोटो दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे मोजून घ्या. दोघांची मोजणी किती जुळते हे बघायला आकडे असतील तर ब्लँड-ऑल्टमनचा आलेख, सौम्य-मध्यम-तीव्र अशा पायऱ्या असतील तर कॅपा (kappa) हा सांख्यिकी आकडा.

आता थीसिस परीक्षकासमोर अडकण्याची सर्वात मोठी जागा. तीस पेशंट, प्रत्येकाचे सहा फोटो, म्हणून १८० नमुने असं टेबलात लिहू नका. नमुने तीसच. सहा फोटोंची सरासरी काढून पेशंटमागे एक आकडा घ्या. एकाच गालाचे सहा फोटो एकमेकांसारखे असणारच. १८० धरले की पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) आपोआप लहान होते आणि काहीच नसताना फरक दिसतो.

सोनोग्राफी, सीटी जोडायचं असेल तर

गालाच्या अस्तराची जाडी उच्च वारंवारतेच्या प्रोबनं सोनोग्राफीवर मोजता येते. प्रोब दाबला तर जाडी कमी दिसते, म्हणून भरपूर जेल आणि हलका हात, प्रत्येक जागी तीन मोजमापं. सोनोग्राफीचं मशीन १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवलेल्या जागीच वापरता येतं. अभ्यास गालाचा असला तरी मशीन उचलून खेड्यातल्या शिबिरात नेता येत नाही, हे प्रोटोकॉल लिहितानाच रेडिओलॉजी डिपार्टमेंटशी बोलून घ्या.

सीटीमध्ये घनतेच्या हाउन्सफील्ड मापात पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार. तरी दोन मशीनवरचे आकडे थेट मिसळू नका. स्लाइसची जाडी आणि रिकन्स्ट्रक्शनचा प्रकार लिहून ठेवा. फक्त अभ्यासासाठी म्हणून पेशंटला जादा सीटी करायला लावणं एथिक्स कमिटी सहसा मान्य करत नाही आणि करूही नये, उपचारासाठी झालेल्या तपासण्याच वापरा. डायकॉम फाइलच्या (सीटी, सोनोग्राफीच्या चित्रांच्या ठरावीक फाइलच्या) आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा नंबर दडलेला असतो. सोनोग्राफीत तर नाव चित्रावरच छापलेलं असतं. दोन्ही काढून टाका. डोक्याच्या सीटीवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, आणि आपल्या छोट्या गावांत चेहरा ओळखायला नावही लागत नाही.

जपून ठेवणं

मूळ टिफ फाइल कधीच बदलू नका, काम प्रतीवर करा. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या इमारतींत. छापायच्या फोटोत ब्राइटनेस बदलायचा तर पूर्ण चित्राचा बदला, एका कोपऱ्याचा नाही, आणि स्केल बार घालायला विसरू नका. मायक्रोस्कोपच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: कोणता कॅमेरा, कोणता अडॅप्टर, कोणत्या ऑब्जेक्टिव्हला किती पिक्सेल म्हणजे शंभर मायक्रॉन, मायक्रोमीटर शेवटचा कधी तपासला. आमच्याकडचा कागद तीनदा बदलला आहे, जुने दोन त्याच्याच मागे टाचून ठेवलेत, कारण मागच्या बॅचचे फोटो त्या जुन्या आकड्यांवर मोजलेले आहेत.